नाना पेठेतली एक खोली: भाडेकरूच्या घराची दुरुस्ती कुठून सुरू होते

हे प्रकरण पुण्याच्या नाना पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या चाळीतलं आहे. एक खोली, तिच्यात राहणारे मायलेक आणि आसपासच्या माणसांनी मिळून केलेली दुरुस्ती. कामाची यादी लहानच होती: छपराचे काही पत्रे, दारातल्या पायऱ्या, मोरी, संडास, वायरिंग. तरीही ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे सिमेंट-वाळूच्या आधी परवानगीचा गुंता सोडवावा लागला आणि त्या गुंत्यानेच पुढचं प्रत्येक काम कसं करायचं हे ठरवलं. पेठांमधली गरीब, म्हातारी आणि अपंग माणसं अनेकदा जुनी भाडेकरू असतात. त्यांच्या घराला हात लावायचा तर भिंत कोणाची, चौक कोणाचा, उद्या हक्क कोणाचा, हे आधी पाहावं लागतं. मदत करायला निघालेल्या कोणत्याही गटाने हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. माणसांची नावं आणि नेमका पत्ता इथे दिलेला नाही.

घर आणि माणसं

वाड्याचे दोन भाग आहेत. रस्त्याकडचा भाग तीन मजली, सागवानी खांब आणि तुळयांचा. तळाशी एक दुकान, वरचे मजले जवळजवळ रिकामे. या भागाच्या पोटातून एक बोळ आत जातो आणि छोट्या फरसबंदी चौकात उघडतो. चौकापलीकडे बैठी चाळ, एका ओळीत पाच खोल्या. भिंती नऊ इंची विटांच्या, वर लाकडी वासे आणि सिमेंटचे पत्रे. पूर्वी कौलं होती. दर वर्षी ती चाळायला माणूस मिळेना, तेव्हा मालकांनी पत्रे टाकले. चौकाच्या कोपऱ्यात पाचही घरांसाठी मिळून एक संडास.

आजींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या घरांत पोळ्या लाटून त्यांनी संसार केला. आता गुडघे वाकत नाहीत. त्यांचा मुलगा पन्नाशीत आहे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामुळे पोलिओ हा विषय संपला असं आपण धरून चालतो. पण आधी ज्यांना तो झाला ती माणसं आता वयाच्या उतारावर आहेत आणि त्यांच्यापुढे दुसरंच दुखणं आलं आहे. वर्षानुवर्षं कुबड्यांवर भार पेलून खांदे झिजतात. जे स्नायू शाबूत राहिले होते तेही दमायला लागतात. एके काळी दादा कॅलिपर, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या लावून, कुबड्यांवर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपर्यंत जाऊन मिक्सरचे सुटे भाग आणत असत. आता खोलीत ते जमिनीवर बसून हातांवर सरकतात आणि बाहेर चाकाची खुर्ची वापरतात. मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि तो खोलीतल्या खोलीत बसून चालतो.

आमच्याकडे निरोप आला तो ‘छप्पर गळतंय’ एवढाच. आमचा गट म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता काका, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या), एक वकीलताई, एक गवंडीमामा, एक वायरमन आणि लागतील तसे कॉलेजातले विद्यार्थी. पहिल्या भेटीत आम्ही पत्रे पाहिलेच, पण थेरपिस्ट ताईंनी दादांना वेगळंच काम सांगितलं: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही जिथे जिथे जाता, ते करून दाखवा.

त्यातून जे दिसलं ते कुठल्याही निरोपात आलं नसतं. खोलीचं जोतं चौकापासून चौदा इंच उंच आणि मध्ये एकच दगडी पायरी. उतरताना दादा आधी पाय हातांनी उचलून खाली सोडत आणि मग सगळा भार मनगटांवर घेऊन घसरत. चढताना आजी मागून काखेत हात घालून ओढत. संडासाच्या आत आणखी दोन पायऱ्या. पावसाळ्यात चौकातली फरशी शेवाळते, म्हणून दादा त्या दिवसांत संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. हे आजींनी सांगितलं, तेही सहज, भाजी महाग झाली असं सांगावं तितक्या सहज. थेरपिस्ट ताईंनी तिथल्या तिथे ही गोष्ट कामाच्या यादीत सगळ्यात वर लिहिली.

आधी प्रश्न: दुरुस्ती करावी का?

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या वाड्यांची पाहणी करते आणि धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. या वाड्याच्या पुढच्या भागाला नोटीस होती, मागच्या चाळीला नव्हती. अभियंता काकांचं म्हणणं स्पष्ट होतं: पडायला आलेल्या इमारतीत पायऱ्या आणि दांड्या बसवून देणं म्हणजे माणसांना तिथे थांबवून ठेवणं. तसं असेल तर आपलं काम दुरुस्तीचं नाही, दुसरी जागा शोधून देण्याचं आहे. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. स्वयंसेवक उत्साहाने येतात, रंग लावतात आणि घर ‘छान’ दिसू लागतं. रंगाखालची तुळई मात्र कोणी टोचून पाहिलेली नसते.

काकांनी टोचून पाहिली. वाशांची आणि आढ्याची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. लाकूड घट्ट असेल तर टोक जेमतेम रुततं, वाळवीने पोखरलेलं असेल तर इंचभर आत जातं. दोरी ताणून आढ्याला किती झोल आहे ते मोजलं, भिंतीला ओळंबा लावला. चाळ स्वतःच्या पायावर उभी होती आणि पुढच्या इमारतीला तिची एकही भिंत चिकटलेली नव्हती. दोन वासे बदलावे लागणार होते, बाकी सांगाडा बरा होता.

धोका होता तो बोळात. बोळावरच्या तक्तपोशीखालच्या दोन तुळयांची टोकं, जिथे पावसाळी पाण्याचा पाइप भिंतीत झिरपत होता, तिथे कुजली होती. म्हणजे खोली सुरक्षित, पण खोलीतून बाहेर पडायची एकमेव वाट धोक्याची. धावत निघणाऱ्याला हा बोळ चार ढांगांचा. दादांना चाकाच्या खुर्चीवर तो पार करायला कितीतरी जास्त वेळ लागतो. एकाच इमारतीचा धोका प्रत्येकाला सारखा नसतो, हे मी या बोळात शिकलो.

बोळ आमच्या हातातला नव्हता. तो मालकांचा होता, आणि इथूनच कागद सुरू झाले.

कागद

मूळ मालक वारले. तीन वारस, तिघांचं आपसात पटत नाही. एक बिल्डर अधूनमधून येऊन बोलून जातो. काही वर्षांपासून वारसांनी भाडं घेणं थांबवलं आहे. आजी दर महिन्याला मनीऑर्डर करतात, ती परत येते आणि परत आल्याची प्रत्येक पावती त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे. त्या पेटीत पतीच्या नावाची जुनी भाडेपावती आहे, वीजबिलं आहेत, रेशनकार्ड आहे. वकीलताईंनी पेटी पाहिली आणि म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही निम्मं काम आधीच करून ठेवलंय.’ भाडं द्यायची तयारी आहे हे दाखवता येणं, हाच अशा भाडेकरूचा मोठा आधार असतो.

भाडं महिना ८५ रुपये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती टाळली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, आणि तरीही काही झालं नाही तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. वाचायला आधार वाटतो. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. आजींचं वर्षाचं भाडं १,०२० रुपये, म्हणजे वळते करता येतील ते २५५. एवढ्यात एक पत्राही येत नाही. जुन्या, गोठलेल्या भाड्याच्या घरांत कायद्याने दिलेला हा उपाय पैशाच्या बाजूने निकामीच आहे. तरी आम्ही नोटीस दिली. पैसे वळते करण्यासाठी नव्हे, तर दुरुस्तीची गरज मालकांना लेखी कळवली होती हे नोंदीवर राहावं म्हणून.

दुसरी बाजू जास्त नाजूक होती. याच कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाला जागा परत मागण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात एक असं आहे: मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं तर. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी आडभिंत, दार, हवेसाठी खिडकी अशा काही कामांना तिथेच सूट दिली आहे. पायऱ्या त्या सुटीच्या यादीत नाहीत. म्हणजे आपण प्रेमाने विटा-सिमेंटचा उतार बांधून द्यायचा आणि तोच उद्या कोर्टात आजींच्या विरुद्ध वापरला जायचा, हे घडू शकतं. मदतीमुळे एखाद्याचं घर धोक्यात येऊ शकतं, ही गोष्ट गटातल्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त लागली.

आजींना हे कलम माहीत नव्हतं, पण भीती अगदी नेमकी होती. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाला ‘महिनाभर दुरुस्तीसाठी’ खोली रिकामी करायला सांगितलं होतं आणि ते परत आत जाऊ शकले नाहीत. दुरुस्तीसाठी जागा सोडणाऱ्या भाडेकरूला परत प्रवेशाचा हक्क कायद्यात आहे. पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि आजींना घराचीही पायरी चढवत नव्हती. त्यांनी एकच अट घातली: ‘खोली एक रात्रसुद्धा रिकामी राहणार नाही. काम करायचं तर आम्ही आत असताना करा.’

या सगळ्यातून कामाचा एक नियम ठरला. जे करायचं ते उद्या चार बोल्ट सोडून काढता आलं पाहिजे. विटेत नाही, लाकडात आणि लोखंडात. आणि मायलेकांनी खोली सोडायची नाही.

वारसांकडे आम्ही दोन विषय घेऊन गेलो. पहिला बोळाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडायला आलेल्या भागाबद्दल आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला तो पाडण्याची, सावरण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस देऊ शकतात, आणि ती इथे लागलेलीच होती. काकांनी कुजलेल्या तुळयांचे फोटो आणि टेकूंचा कच्चा आराखडा पुढे ठेवला. इथे कोणाला वादात स्वारस्य नव्हतं, कारण बोळातून वारसही जातात आणि दुकानदाराची गिऱ्हाइकंही. टेकूंचा खर्च वारसांनी उचलला. एकदा एकत्र बसल्यावर दुसरा विषय निघू शकला: खोलीतल्या कामाचं ना-हरकत पत्र. वकीलताईंनी ते साध्या मराठीत, दोन पानांत लिहिलं होतं. प्रत्येक काम, त्याचं माप, ते काढून घेता येण्याजोगं आहे ही नोंद, आणि एक वाक्य दोन्ही बाजूंसाठी: या कामामुळे भाडेकरूच्या हक्कांत भरही पडत नाही आणि घटही होत नाही. या वाक्यावर दोन वारसांनी सही केली. तिसऱ्याने वकिलाला विचारून सांगतो म्हटलं. कायद्यात जो भाडं घेतो किंवा घेण्यास पात्र असतो तो मालक. आजींकडच्या शेवटच्या पावतीवर सही असलेला वारस या दोघांतला होता, म्हणून वकीलताईंनी पुढे जायला हरकत नाही असं सांगितलं.

पायऱ्या

विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा उतार सुचवला. अपंग माणूस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उतारच येतो. पण सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकास बारा हे प्रमाण दिलं आहे. चौदा इंच चढायचे तर चौदा फूट लांब उतार. तेवढा केला असता तर शेजारच्या दोन खोल्यांची दारं अडली असती. आखूड करावा तर तो इतका उभा होतो की खुर्ची मागे कलंडते.

उत्तर दादांच्या सरकण्यातच होतं. ते बसून, हातांवर सरकतात. त्यांना उतारापेक्षा बुटक्या, रुंद पायऱ्या सोयीच्या. चौदा इंचांचे साडेतीन-साडेतीन इंचांचे चार टप्पे केले. प्रत्येक पायरी वीस इंच खोल, अडीच फूट रुंद. पायऱ्या समोर चौकात काढल्या नाहीत, भिंतीलगत आडव्या नेल्या, म्हणजे बाकीच्यांना जायला वाट राहिली. विद्यार्थ्यांचा आराखडा चेकर्ड पत्र्याचा होता, घसरू नये म्हणून. दादांनी तो कागद बघून मान हलवली. ‘वैशाखात त्या पत्र्यावर हात ठेवून बघा. आणि त्या उंचवट्यांनी माझी चड्डी आठ दिवसांत फाटेल, मग कातडी.’ म्हणून सांगाडा लोखंडी अँगलचा आणि वर सागवानी फळ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान मिळतं, ते घेतलं. रंधा मारून पृष्ठभाग गुळगुळीत केला, फळ्यांत पाणी निघून जायला फटी ठेवल्या.

कठडा दुहेरी केला. वरची दांडी आजींच्या उभ्या हाताला येईल अशी, खालची जमिनीपासून फूटभरावर, दादांसाठी. कोणतीही दांडी वाड्याच्या भिंतीत नाही, सगळ्या पायऱ्यांच्या सांगाड्यालाच जोडलेल्या.

संडास आणि शेजारच्या वहिनी

संडास पाच घरांचा, त्यामुळे तिथे पाच घरांचा होकार लागत होता. दार आत उघडायचं. आत कोणी पडलं तर बाहेरून दार ढकलता येत नाही, म्हणून बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करणं सगळ्यांना लगेच पटलं. बसायच्या सोयीवर मात्र कुरकुर झाली. इतर घरांना भारतीय भांडंच हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून दोन सुट्या बैठका केल्या. आजींसाठी अठरा इंच उंच कमोड खुर्ची. दादांना जमिनीवरून तिच्यावर चढता येईना, म्हणून त्यांच्यासाठी बुटकी, चौरंगाएवढी, मध्ये खाच असलेली. दोन्ही वापरून झाल्या की धुऊन खुंटीला टांगायच्या. एकाच घरातल्या दोघांना एकच माप चालत नाही, हे पायऱ्यांवर दिसलं होतं, इथे पुन्हा दिसलं.

दांड्यांनी जास्त वेळ खाल्ला. संडासाची भिंत चार इंची आणि जुन्या चुन्याची. अशा भिंतीत प्लास्टिकचे प्लग किंवा फास्टनर धरत नाहीत. माणूस घसरताना पूर्ण वजनाने दांडीला लोंबकळतो, आणि नेमक्या त्या क्षणी दांडी विटेसकट हातात येते. बाजारातल्या सक्शनच्या दांड्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्या अशा घरात कोणीही लावू नयेत. खात्रीचा मार्ग एकच: बोल्ट भिंतीतून आरपार काढायचा आणि पलीकडे लोखंडी पट्टी लावून आवळायचा.

पलीकडे शेजारच्या वहिनींची धुण्याची जागा होती. त्यांचं आणि आजींचं पाण्याच्या हंड्यांवरून वर्षानुवर्षं वाकडं. पहिल्या दिवशी त्यांनी स्पष्ट नकार दिला. गटातल्या एकाने ‘समजावून सांगू’ असं म्हटलं, पण गवंडीमामांनी त्याला थांबवलं आणि वहिनींना विचारलं, ‘तुमचं इथे काय अडतंय?’ धुण्याचा दगड खचला होता आणि त्याखालची मोरी तुंबत होती. आठवड्यातून दोनदा त्या काठीने ती उपसत होत्या. मामांनी दगड उचलून पुन्हा पातळीत बसवला, पाइप मोकळा करून वर जाळी लावली. लोखंडी पट्ट्या त्या दगडामागे झाकून गेल्या. याला कोणी सौदा म्हणेल. मला तो न्याय वाटतो. सामाईक भिंतीत एका बाजूचं दुखणं बरं करताना दुसऱ्या बाजूलाही काही दुखत असेल, हे धरूनच चालायला हवं.

मोरी, वीज, छप्पर

मोरीचा कट्टा फोडला नाही. कट्ट्यापासून भिंतीपर्यंत टेकणारी एक जाड फळी दिली. दादा तिच्यावर बसून सरकत आत जातात आणि तिथेच अंघोळ करतात. शहाबादी फरशी वापराने गुळगुळीत झाली होती. तिच्यावर चिकटपट्ट्या लावण्याऐवजी पाथरवटाकडून टाकी मारून घेतली. ओल्या पायालाही ती धरते आणि निघून येण्यासारखं तिच्यात काही नाही.

वायरिंग लाकडी पट्टीवरचं होतं, अर्थिंगशिवाय. एका बाजूला गळकं छप्पर, दुसऱ्या बाजूला ओली मोरी आणि मध्ये जमिनीवर बसून मिक्सर उघडणारा माणूस. हे पाहून वायरमन पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला: वीज गळून माणसाच्या अंगातून जाऊ लागली तर तो क्षणात प्रवाह तोडतो. चौकात अर्थिंगचा खड्डा घेतला, तोही ना-हरकत पत्रात लिहिलेला होता. बोर्ड कुठे असावेत, किती उंचीवर, कामाच्या पाटाजवळ किती सॉकेट, हे सगळं दादांनी काढून दिलं. खोलीत सर्वांत जास्त वीज त्यांनाच कळते. वायर ओढणं आणि शेवटची चाचणी मात्र परवानाधारक वायरमनकडेच, त्यांची मजुरी देऊन.

याबद्दल माझं मत ठाम आहे. सेवाभावाने करायचं काम आणि मजुरी देऊन करून घ्यायचं काम यांची सीमा आधी आखावी. छपरावर विद्यार्थी चढवायचे नाहीत. सिमेंटच्या पत्र्यावर पाय पडला तर तो फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. चढणाऱ्याने वाशांवर आडव्या फळ्या टाकूनच फिरायचं. शिवाय जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून पत्रे कोरडे कापायचे किंवा फोडायचे नाहीत, पाणी मारून, बोल्ट सोडून अख्खे उतरवायचे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तासांचं काम करायचं असतं. ते तास राडारोडा बोळातून बाहेर नेण्यात, फळ्या घासण्यात, रंगात आणि मुख्य म्हणजे अर्ज भरण्यात छान सत्कारणी लागले. त्यांनीच दादांचा ससून रुग्णालयातला अपंगत्वाचा जुना कागदी दाखला काढून दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा, अर्ज भरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. दादांचं प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे, पण कार्ड नसल्यामुळे महापालिकेच्या पाच टक्के दिव्यांग निधीतल्या योजनांपर्यंत ते कधी पोहोचलेच नव्हते.

छप्पर दोन भागांत केलं, आजींच्या अटीमुळे. सकाळी अर्ध्या खोलीवरचे पत्रे उतरवायचे, सामान दुसऱ्या अर्ध्यात, संध्याकाळपर्यंत नवे पत्रे बसवून मोकळं व्हायचं. वासे बदलताना मधल्या रात्री ताडपत्री घालावी लागली. आजी त्या रात्री आढ्याखाली पेटी उशाशी घेऊनच झोपल्या. पत्र्याच्या टोकाला पन्हळ लावली, नाहीतर सगळं पाणी नेमकं नव्या पायऱ्यांवर पडलं असतं.

पालखीच्या आधी

काम संपवायची तारीख आम्ही ठरवली नव्हती, ती ठरलेलीच होती. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात असते. त्या दिवसांत पेठेत गाडी शिरत नाही, आणि या वाड्याच्या चौकात दरवर्षी वारकरी उतरतात. चौकात वाळूचा ढीग ठेवून चालणारच नव्हतं. आधीच्या आठवड्यात चाळीतली सगळी घरं कामाला लागली. वहिनींच्या मुलाने वेल्डिंगच्या कामात हात दिला.

पहिल्याच रात्री पाऊस आला आणि आरसीसीबीचा खटका पडला. चौकात वारकऱ्यांच्या मोबाइलसाठी टाकलेला एक्स्टेन्शन बोर्ड ओला झाला होता. दादा पायऱ्यांवरून सरकत खाली आले, बोर्ड उचलून कोरड्या जागी टांगला आणि चौकातल्या मुलांना समजावलं की खटका पडला म्हणून चिडायचं नाही, तो पडला म्हणून आपण उभे आहोत. आजींनी त्या रात्री त्यांना काखेत धरलं नव्हतं. थेरपिस्ट ताई तिथे होत्या आणि पुढे कितीतरी दिवस त्या हेच सांगत होत्या.

पुढे

काही गोष्टी अजून अपुऱ्या आहेत. तिसऱ्या वारसाची सही आलेली नाही. बोळातले टेकू तात्पुरते आहेत आणि पुढच्या पावसाळ्याआधी काका ते पुन्हा तपासणार आहेत. दादांचे खांदे दुखायचे थांबलेले नाहीत, पण पायरीवर झटका बसत नाही, त्यामुळे रात्रीचं दुखणं कमी आहे.

आणि बिल्डर पुन्हा आला आहे. या वेळी नकाशा घेऊन. भाडेकरूंच्या यादीत आजींचं नाव आहे, त्या पेटीतल्या पावत्यांमुळे आणि ना-हरकत पत्रामुळे, ज्यात वारसांनी स्वतःच त्यांना भाडेकरू म्हटलं आहे. वकीलताईंना या पत्राचा हा उपयोग लिहितानाच दिसत होता. नकाशात मात्र इमारतीच्या दारात चार पायऱ्या आहेत आणि लिफ्ट त्या पायऱ्यांच्या वर. दादांनी लेखी हरकत घेतली: दारात एकास बारा उतार, लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून, दारांची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आणि हे सगळं करारात, संमतीच्या सहीआधी. खाली पाचही घरांच्या सह्या आहेत. वहिनींची पहिली. बिल्डरने दिवाळीनंतर बैठक ठेवतो म्हटलं आहे. ती बैठक पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या ऑफिसात न घेता चौकात घ्यावी, ही अटही दादांनी पत्रात लिहून दिली आहे.